मूळच्या सीटा

११ ऑगस्ट

सूनबाई आज आपण होऊन माझ्या वर्कशॉपमध्ये आली. सूर्य कुठल्या बाजूला उगवलाय ते बघायला मी दारापर्यंत जाऊन आले.

तिने ते विमान घेतल्याला वर्ष उलटून गेलं. तेव्हापासून आमचं बोलणं म्हणजे "दूध संपलंय" आणि "किल्ली कुठे ठेवली" एवढंच. घर घ्यायचं ठरलं होतं, आणि हिने घेतलं काय, तर दोन माणसांचं मोडकं विमान. माझ्यापेक्षा वयाने मोठं, पंखाला ठिगळं. ती फ्लाइंग स्कूलमध्ये शिकवते, तिथल्याच हँगरच्या कोपऱ्यात ते उभं असतं. तेव्हा मी जे बोलायचं ते बोलले, तिने ऐकून घेतलं, आणि मग दोघींनी तोंडाला कुलूप लावलं. आमचे चिरंजीव मध्ये बसून दोन्हीकडे मान डोलावत राहिले. त्यांना तेवढंच जमतं.

मी एका जुन्या मोटारीच्या मागच्या बाकाची शिवण घालत होते. ती कातड्याचा तुकडा चाचपत उभी राहिली. मग म्हणाली, "आई, विमानाच्या सीटा तुम्ही कराल का? मूळच्या होत्या अगदी तशा. तुमच्या हातासारखं काम दुसऱ्या कुणाचं होणार नाही."

तोंडदेखलं म्हणाली की मनापासून, कळलं नाही. मी म्हटलं, "बघू." ती गेल्यावर बाकाची अख्खी शिवण उसवून परत घातली, कारण वाकडी गेली होती.

१७ ऑगस्ट

हँगरला जाऊन आले. विमानात सध्या ज्या सीटा आहेत त्या कुणीतरी नंतर कोंबलेल्या. निळं रेक्झिन, वर फुलांची नक्षी.

रचना मात्र सोपी आहे, मोटारीसारखीच. सीटेच्या पायांना छोटी चाकं, ती जमिनीवरच्या दोन रुळांवरून पुढेमागे होतात. रुळाला ओळीने भोकं आहेत. सीटेखालचा दांडा सोडला की खिट्टी भोकात पडते आणि सीट तिथेच राहते. एवढं पुरेसं असताना कुणा शहाण्याने प्रत्येक सीटेच्या मागे रुळावर लोखंडाचा एकेक ठोकळा बोल्टने आवळून ठेवलाय. ओबडधोबड, वर पिवळा रंग फासलेला. इथला मेकॅनिक त्याला अडसर म्हणतो.

हा मेकॅनिक म्हणजे नन्नाचा पाढा. हे काढू का? नाही. ते हलवू का? नाही. मी त्याचं नाव नन्ना ठेवलं आणि त्याला तोंडावर सांगितलंही. तो हसला. माणूस वाईट नाही, फक्त त्याला सौंदर्याचं वावडं आहे.

नोव्हेंबरमध्ये जुन्या विमानांचा मेळावा आहे म्हणे. सगळ्यात अस्सल अंतर्भागाला वेगळं बक्षीस. इतकी वर्षं मी लोकांच्या मोटारी सजवल्या, आणि व्यासपीठावर गेले ते मालक. या वेळी मालकीण घरची आहे.

२६ ऑगस्ट

मूळच्या सीटा सापडल्या! आणि कुठे, तर न्हाव्याच्या दुकानात. गिऱ्हाइकं त्यांच्यावर बसून पेपर वाचत होती. हे विमान पूर्वी ज्या फ्लाइंग क्लबचं होतं, तिथल्या कोठीवर न्हाव्याचा मामा होता, त्याने आणून दिलेल्या. नळीची चौकट, पाठीला हलकासा बाक, खाली दांडा आणि खिट्टी, सगळं जिथल्या तिथे. मी वाकून खाली बघतेय म्हटल्यावर वाट बघणारे सगळे उठून उभे राहिले. न्हाव्याला वाटलं ढेकूण सापडला.

सूनबाईला फोन केला. ती वर्ग चालू असताना ओरडली म्हणे. संध्याकाळी येताना माझ्यासाठी चाफ्याची फुलं घेऊन आली. मी ती पाण्यात ठेवली. बरं वाटलं. का नाही वाटणार?

८ सप्टेंबर

गंज काढला तर आतून चौकट ठणठणीत. खिट्ट्या मात्र खडबडीत होत्या, भोकात अडकत होत्या. मुलामा देणाऱ्याकडे दिल्या. त्याने घासून, टोकं गोल करून, चांदीसारख्या चकचकीत करून आणल्या. आता लोण्यात सुरी जावी तशा आत जातात.

नन्नाने खिट्टी बोटांत धरून फिरवली आणि म्हणाला, "बाई, ही बारीक झाली."

मी म्हटलं, "बारीक नाही, स्वच्छ झाली. तुम्हाला फरक कळायचा नाही."

मग त्याने मला रुळावरची भोकं दाखवली. वर्षानुवर्षांच्या वापराने ती लांबट झाली आहेत, जड कुड्या घालून म्हातारीच्या कानाची भोकं ओघळावीत तशी. रूळ बदला म्हणतो. अहो, मूळचे रूळ काढले तर मग मूळचं राहिलं काय? सूनबाई शेजारीच उभी होती. मी तिच्याकडे बघितलं. ती एकदा भोकाकडे बघत होती, एकदा माझ्याकडे. मग म्हणाली, "आईंना यातलं जास्त कळतं."

नन्नाने खिट्टी परत माझ्या हातात दिली. मला दिवसभर काम सुचलं नाही, इतकी खूश होते.

२१ सप्टेंबर

कातडं आलं. तपकिरी, त्यात लालसर झाक. विमानाच्या जुन्या काळ्यापांढऱ्या फोटोत रंग दिसत नाही, पण चौकटीच्या सांध्यात मूळच्या कातड्याची चिंधी अडकलेली मिळाली, तिच्यावरून रंगवून घेतलं. सूनबाई रोज शाळा सुटल्यावर येते, समोर बसून दोरा ओवून देते. आज मध्येच म्हणाली, "माझी आई शिवायची. मला कधी शिकवलं नाही तिने. वेळच नाही मिळाला." तिची आई ती लहान असतानाच गेली, हे मला माहीत होतं, पण तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

मी तिला टाका घालायला शिकवला. हात भलताच जड आहे. विमान कसं उडवते देव जाणे.

रात्री जेवताना चिरंजीव म्हणाले, "तुम्ही दोघी हल्ली फार गोड बोलता."

"मग रडू का?" मी विचारलं.

"तसं नाही. भांडत होतात तेव्हा निदान खरं ते बोलत होतात."

शिक्षक माणूस, वाक्य टाकायची खोड. मी त्याच्या ताटात आणखी भात वाढला आणि विषय संपवला.

६ ऑक्टोबर

सीटा बसल्या. फुलांचं रेक्झिन कचऱ्यात गेलं.

आता अडसरांची भानगड. मूळच्या सीटेचे मागचे पाय जरा पसरट आहेत, ते त्या पिवळ्या ठोकळ्यावर घासतात. पहिल्याच दिवशी माझ्या मुलाम्याला ओरखडा. मी म्हटलं, हे काढा. नन्ना म्हणाला, नाही. मी म्हटलं, का?

त्याने हातातलं काम खाली ठेवलं आणि मला समोर बसवून सांगितलं. "बाई, विमान धावपट्टीवरून झेप घेतं तेव्हा माणूस पाठीवर रेटला जातो. त्या क्षणी खिट्टी सुटली तर सीट माणसासकट मागे जाणार. पडणारा माणूस हातात असेल ते धरतो, आणि हातात काय, स्टिअरिंग. ते ओढलं की विमानाचं नाक उभं. जमिनीपासून घराएवढ्या उंचीवर नाक उभं राहिलं की विमान दगडासारखं खाली येतं. सूनबाई ठेंगण्या, सीट पार पुढे घेऊन बसतात. म्हणजे मागे जायला रूळ पण लांब."

मी म्हटलं, "माझी खिट्टी सुटणार नाही."

"न सुटू दे. पण अडसर राहू दे."

शेवटी तडजोड झाली. मेळाव्यात परीक्षक बघतील तेवढ्या वेळापुरते अडसर काढायचे, पण त्याआधी आणि त्यानंतर उडायचं ते अडसर लावूनच. त्यासाठी पाय न घासणारे नवे ठोकळे तो स्वतः बनवणार. जुने मी डब्यात घालून वर्कशॉपच्या फळीवर ठेवले. सूनबाई दिवसभर वर होती, विद्यार्थ्यांबरोबर. संध्याकाळी तिने आत डोकावून पाहिलं. मागची बाजू मोकळी, रूळ चकाकतायत, सीट कशी तरंगल्यासारखी. बराच वेळ बघत राहिली.

"आई, ते अडसर..."

"काय त्यांचं?"

"नाही, काही नाही. खरंच फार वाईट दिसायचे."

मी म्हटलंच होतं.

१९ ऑक्टोबर

नन्नाचे वडील अचानक आजारी पडले. तो गावी निघाला. मी हँगरच्या फाटकातून आत शिरत होते, तो बॅग घेऊन बाहेर. गाडी सुटायची वेळ झालेली. सूनबाई आकाशात. घाईघाईत म्हणाला, "नवे ठोकळे झाले नाहीत माझे. जुनेच लावा, ओरखडा पडला तर पडू दे. अडसर लावल्याशिवाय त्यांना उडू देऊ नका. सांगाल ना?"

म्हटलं, सांगेन.

जेवताना सांगितलं. माझ्या पद्धतीने, कारण कुणाचा निरोप पोपटासारखा म्हणून दाखवायचा मला कंटाळा आहे. म्हटलं, "तुझा तो मेकॅनिक अडसर लावा म्हणत होता. तुला काय वाटतं?"

तिने हातातला घास परत ताटात ठेवला. "तुम्हाला काय वाटतं, आई?"

"मी कोण सांगणारी? पायलट तू आहेस."

"पण काम तुमचं आहे. तुम्ही ज्या अर्थी काढलेत..."

"लावायचे तर लाव बाई. मुलामा जाईल, एवढंच. मेळावा झाला की पुन्हा करीन."

"नको, नको," ती पटकन म्हणाली. "इतकी मेहनत केलीत. मेळाव्यापर्यंतच तर आहे."

ती पायलट आहे, तिला भीती असती तर बोलली असती. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं.

२४ ऑक्टोबर

आज तिने पहिल्यांदा नव्या सीटांवर विमान धावपट्टीवर नेलं. मी हँगरच्या दारात उभी. वेगात निघालं, इतक्यात आवाज खाली आला आणि विमान वळून परत. खाली उतरली तेव्हा खालचा ओठ दाताखाली.

"काय झालं गं?"

"काही नाही. जरा... इंजिन गरम वाटलं."

मग आत वाकून सीट पुढे ओढली, मागे ढकलली, परत पुढे. खट् असा आवाज यायला हवा, तो आला की नाही मला बाहेरून ऐकू आलं नाही. मी विचारलं, "सीट ठीक आहे ना?" तिने वळून माझ्याकडे पाहिलं. मी सकाळीच नवी साडी नेसून आले होते, मुद्दाम. म्हणाली, "मस्त आहे आई. इतकी आरामाची सीट मी आजवर पाहिली नाही."

मग दुसऱ्यांदा गेली आणि उडाली. वरून दोन फेऱ्या मारून आली. मी हात हलवला, तिने हलवला नाही. दिसले नसेन.

३० ऑक्टोबर

एक गोष्ट खटकली म्हणून लिहून ठेवते. सूनबाई हल्ली उडताना आपली भलीमोठी बॅग सीटेच्या मागे, रुळावर उभी कोंबते. आत काय भरते कोण जाणे, दगडासारखी घट्ट. मी उचलून बाजूला ठेवली की पुढच्या वेळी पुन्हा तिथेच. तिची चेन माझ्या कातड्याला घासते. आणि बसतेही कशी, तर पाठ न टेकता, पुढे वाकून, डावा हात खिडकीच्या चौकटीला घट्ट. चोराच्या मनात चांदणं असल्यासारखी. मी तिच्या उंचीचा अंदाज घेऊन पाठीला बाक दिला तो काय शोभेला?

चिरंजीवांना म्हटलं, तिला सांग. ते म्हणाले, "तूच सांग. ती आजकाल माझ्यापेक्षा तुझं ऐकते." आणि मग हळूच, "तिला झोप लागत नाहीये. तुला काही बोलली का?"

मला कशाला बोलेल? मेळाव्याचं टेन्शन असेल. मलाही आहे.

५ नोव्हेंबर

नन्नाचा फोन. वडील अजून दवाखान्यातच. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, "अडसर लावलेत ना?"

मी म्हटलं, "सूनबाईला निरोप दिला. ती बघून घेते. पायलट ती आहे ना?"

"हो, मग ठीक," तो म्हणाला. त्याच्या आवाजात केवढी सुटका होती. उगाच लोक दुसऱ्याच्या सीटांची काळजी करत बसतात.

१४ नोव्हेंबर

मेळावा. सूनबाई एकटीच विमान घेऊन आली, मी आणि चिरंजीव मोटारीने. पोचलो तेव्हा विमान गवतावर उभं आणि ती सावलीत बसलेली, दोन्ही हात गुडघ्यांत. म्हटलं, थंडी वाजते का? म्हणाली, नाही. मी तिची बॅग सीटेमागून काढली, कातडं पुसलं, रुळांना मेणाचा हात दिला. बोटाने ढकलली तरी सीट सरकते.

परीक्षक तिघे होते. एक म्हातारा गुडघ्यांवर बसला, टॉर्च मारून रूळ पाहिले, भोकं पाहिली, खिट्टी पाहिली. "नंतरची एकही वस्तू नाही," असं दुसऱ्याला म्हणाला. मग मला विचारलं, "हे तुम्ही केलंत?" मी म्हटलं, "मी आणि माझ्या सुनेने." तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

बक्षीस आम्हाला मिळालं. व्यासपीठावर तिने मला पुढे ढकललं. इतक्या लोकांसमोर मला वाकून नमस्कार केला, आणि मी तिला धरून उभी राहिले. काय सांगू. इतकी वर्षं घरात मुलगी नाही म्हणून हळहळले, आणि ती समोरच भांडी विसळत होती.

आता जेवणानंतरचं लिहिते. बक्षीस मिळालेल्या विमानांनी एकेक फेरी मारायची असते, सगळ्यांना दिसावं म्हणून. ती म्हणाली, "नाही मारली तरी चालेल, आई. मी सांगते त्यांना. आपण मोटारीने जाऊ, विमान नंतर मेकॅनिक आला की..." मी म्हटलं, वेडी आहेस का, लोक त्यासाठीच थांबलेत. ती काहीतरी सांगणार होती. तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या चषकाकडे बघितलं आणि मिटलं. दमली असेल बिचारी. म्हणून मीच चिरंजीवांना पुढे घातलं. इतकी वर्षं बायको उडते आणि नवरा खाली उभा राहून मान डोलावतो, शोभतं का? आज तिच्या शेजारी बस. त्याचा चेहरा पांढरा पडला. मग म्हणाला, "तू म्हणतेस तर बसतो." माझ्या आनंदासाठी तयार झाला, हे मला कळतं.

एक अट मी सूनबाईला घातली. फोटोवाले धावपट्टीच्या कडेला बसलेत, तेव्हा बॅग मागे नको, चौकट धरायची नाही, पाठ नीट टेकून, आरामात, राणीसारखं बसायचं. सीट कशासाठी केलीय मी? तिने बॅगेचा पट्टा हाताभोवती गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. शेवटी म्हणाली, "बरं आई. तुम्ही म्हणाल तसं." आणि मला मिठी मारली. आमच्यात असं काही नसतं, मी अवघडलेच जरा.

तिची बॅग आता माझ्या मांडीवर आहे, तिच्यावरच वही ठेवून लिहितेय. आत बघितलं तर नुसती जाड पुस्तकं आणि दोन विटा. काय एकेक सवयी असतात माणसांना.

दोघं आत बसले. तिने पाठ टेकलेली मला इथूनसुद्धा दिसते आहे, कातड्याचा रंग उन्हात काय खुललाय. विमान धावपट्टीच्या टोकाला जाऊन वळलं. चिरंजीवांनी हात हलवला. आवाज वाढायला लागला. वही मिटते, हे मला डोळे भरून बघायचंय.